भाद्रपदातलं सूप आणि मेपलचं पान

ऑगस्ट संपत आला की ऑनलाइन दुकानांत 'ऑटम कलेक्शन' लागतं. मेपलच्या लालभडक पानांच्या माळा, कापडी भोपळे, सुकल्या गवताचे जुडगे. माल देशभर जातो, तसा रत्नागिरीतही येतो. गंमत एवढीच की रत्नागिरीत त्या दिवसांत पान गळत नाही. इथली पानगळ शिमग्याच्या आगेमागे. सप्टेंबर-ऑक्टोबरात गडगे हिरवेगार असतात, तेरडा फुललेला असतो आणि भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलेलं असतं. घर सजवायला कोकणी माणसाने पिढ्यान् पिढ्या हेच वापरलं. त्याला कुणी 'कलेक्शन' म्हटलं नाही.

माटवीच घ्या. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचा घड, कवंडळं, कांगण्या, शेरवडाची पांढरी पानं आणि आगीसारखी कळलावी. बांधायला केळीचं सोपट. प्रत्येक घराची माटवी वेगळी, कारण प्रत्येकाचं रान वेगळं. गोव्यात तिला माटोळी म्हणतात आणि तिथलं कला आणि संस्कृती संचालनालय तिच्या सजावटीची स्पर्धा घेतं. स्पर्धक कुठल्या कुठल्या डोंगरांतून फळं, शेंगा, मुळं जमवून आणतात. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र अनेक घरांत माटवीच्या चौकटीला आता प्लॅस्टिकची द्राक्षं लटकतात. ती धुऊन पुढच्या वर्षीही वापरता येतात, हा त्यांचा एकमेव गुण.

मखराच्या बाबतीत वारं फिरलं ते कायद्याने. 23 मार्च 2018 रोजी राज्य सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्याच वर्षी जुलैत थर्माकोलची मखरं करणारे मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण सवलत मिळाली नाही. तोवर थर्माकोलचा राजवाडा सांभाळत मुंबईहून गावी येणारा चाकरमानी हे नेहमीचं दृश्य होतं. आता पुठ्ठा, कापड, बांबूच्या चटया, काथ्या यांची चलती आहे. 'इकोफ्रेंडली' हा शब्द तर वाडीवस्तीवरही पोचला.

हा बदल चांगलाच, पण अर्धवट. पूर्वी थर्माकोलचं मखर मुंबईच्या बाजारातून यायचं, आता पुठ्ठ्याचं घडीचं मखर तिथूनच येतं. आवड बदलली, पैसा ज्या वाटेने जात होता त्याच वाटेने जातो. गावातल्या हातांना त्यातलं किती मिळतं, हे पाहायचं तर मखर सोडून सुपाकडे बघावं लागेल.

रत्नागिरीच्या बाजारात सुपाला उठाव कधी येणार हे पंचांग ठरवतं. गौरी येतात अनुराधा नक्षत्रावर. पण नव्या सुनेने सुपं घेऊन गौर पुजण्याच्या विधीसाठी, ओवशासाठी, पाहतात ते पावसाचं, म्हणजे सूर्याचं नक्षत्र. साधारण 30 ऑगस्ट ते 13 सप्टेंबर सूर्य पूर्वा नक्षत्रात असतो. त्या पंधरवड्यात गौरी आल्या तर नव्या सुनांचा पहिला ओवसा होतो. 2024 मध्ये गौरींचं आवाहन 10 सप्टेंबरला होतं, 2025 मध्ये 31 ऑगस्टला. दोन्ही वर्षं ओवशाची. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे ते 21 सप्टेंबरवर गेलं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थीच 14 सप्टेंबरला. अशा वर्षी पहिला ओवसा पुढे ढकलला जातो आणि पुढच्या पूर्वा गौरींना साचलेली सगळी गिऱ्हाइकी एकदम येते. एकेका सुनेला बहुधा पाच सुपं लागतात, कुठे त्याहून जास्त. कोणत्याही फॅशन कंपनीला हेवा वाटावा असा हा हुकमी 'ट्रेंड' आहे, आणि तो कुणी जाहिरात करून आणलेला नाही.

सूप दिसायला साधं. ओला बांबू कोयत्याने उभा फोडायचा, गाठी तासायच्या, पातळ पट्ट्या काढून त्या विणायच्या, मग कडेला जाड कामटी घालून ती घट्ट बांधायची. बांबू सुकला तर पट्टी वाकताना तडकते, म्हणून तो ताजाच हवा. अडचण अशी की हे काम ऐन श्रावणात, उन्हाचा पत्ता नसताना करायचं. ओली सुपं एकावर एक रचली की काळी बुरशी धरते. मग पडवीत पसरा, चुलीवरच्या उबेला धरा. एवढं करून बुरूड बाई रस्त्याच्या कडेला, डोक्यावर प्लॅस्टिक धरून बसते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "पाच घेतोय, कमी करा की." त्याच गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी मखराच्या छापील किमतीवर एक शब्द काढलेला नसतो.

बांबूवर सरकारने काही केलं नाही असं नाही. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला. शेजारच्या सिंधुदुर्गात, कुडाळला, 2004 पासून 'कॉनबॅक' ही संस्था बांबूचं फर्निचर आणि बांधकाम यांवर काम करते आहे. पण धोरणात बांबू म्हणजे खुर्ची, रिसॉर्ट, निर्यात. सूप, रोवळी, परडी ही जणू बांबूची वस्तूच नव्हे.

आश्विनात भाताच्या लोंब्यांची पाळी येते. लोंब्या, नाचणीचं कणीस, कुर्डूचं फूल, झेंडू आणि आंब्याचं पान एकत्र बांधून 'नवं' करतात आणि दाराला लावतात. कुठे दसऱ्याला, कुठे नवान्न पौर्णिमेला. जपानात नव्या वर्षाला भाताच्या पेंढ्याचा पीळदार दोर, शिमेनावा, दारावर बांधतात आणि डिसेंबरच्या बाजारात तो रीतसर विकत घेतात. आपल्याकडे नव्याला बाजार मिळाला तो मुंबईत. गावात ते फुकटचं समजलं जातं. पुढे दिवाळीत कामट्या आणि पतंगी कागदाच्या कंदिलाचं तेच. शाळेच्या कार्यशाळेत तो हौसेने होतो, दारात मात्र बहुतेक ठिकाणी तयार आणलेला चमकतो.

यावर उपाय फार मोठा नाही. बचतगटांच्या मालासाठी गणपतीपुळ्याला 'सरस' प्रदर्शन भरतं, पण ते सहसा पर्यटकांच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास. तेव्हा सूप कोण घेणार? जिल्हा परिषदेने तसंच एक लहान प्रदर्शन श्रावणाच्या शेवटच्या पंधरवड्यात रत्नागिरी, चिपळूण आणि खेडला भरवावं. नगरपालिकांनी त्या काळापुरती बुरडांना छपराखालची जागा द्यावी आणि जागाभाडं घेऊ नये. चाकरमान्यांच्या मंडळांनी माटवीच्या सामानाची आणि सुपांची मागणी गावातच, नागपंचमीच्या सुमारास नोंदवावी. गणपतीचा पाट त्याच सुमारास मूर्तिकाराकडे जातो, मग सुपाची आगाऊ रक्कम द्यायला काय हरकत आहे? आणि ती देताना घासाघीस करू नये.