तोंडाची लाली अन् दुकानातली ट्यूब

मागच्या खरिपात अड्याळजवळच्या एका गावी धानावरचे तुडतुडे पाहायला गेलो होतो. बांधी पाहून झाल्यावर शेतकऱ्याने घरी चहाला नेले. चहा घेऊन आलेल्या वहिनींचे दोन्ही गाल अन् नाक लालबुंद, त्यावर बारीक पुटकुळ्या. विचारले तर म्हणाल्या, "उन्हाचं आहे साहेब. ट्यूब लावली की बसते, नाही लावली की आग होते." ट्यूब पाहिली. बारीक अक्षरांत स्टेरॉइडचे नाव होते. दोन वर्षांपासून लावत होत्या. दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी कधी मागितली नाही.

मी डॉक्टर नाही, कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. पण हा प्रकार ओळखीचा वाटला. तपकिरी तुडतुडे दिसताच आपल्यापैकी काहीजण सिंथेटिक पायरेथ्रॉइडचा फवारा मारतात. काही दिवस बरे वाटते. पण त्या फवाऱ्यात तुडतुडे खाणारे कोळी अन् मित्रकीटक मरतात, मग तुडतुडे पहिल्यापेक्षा जास्त होतात. चेहऱ्यावर स्टेरॉइड चोळण्याचेही तसेच. आधी लाली दबते. हळूहळू कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, अन् ट्यूब सोडली की लाली आणखी जोराने उसळते. माणूस पुन्हा ट्यूबकडेच वळतो.

मुळात अशी लाली बरेचदा 'रोझेशिया' नावाच्या त्वचारोगाची असते. तिशीनंतर जास्त दिसतो. गाल, नाक, कपाळ, हनुवटी लाल होते, चुरचुरते. कुणाचे डोळेही खुपतात. सावळ्या रंगावर लाली उठून दिसत नाही, म्हणून आपल्याकडे तो मुरुम समजून सोडून दिला जातो. हा रोग संसर्गजन्य नाही, ताटवाटी वेगळी करायचे कारण नाही. दारूने तो भडकतो हे खरे, पण कधी थेंब न घेतलेल्यालाही होतो. तेव्हा नाक लाल दिसले की 'पितो वाटते' म्हणून चावडीवर हसणे बंद करावे. ऊन, चुलीची धग, कढत चहा, जहाल तिखट, मनाचा ताण यांनीही तो चेततो.

कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहतो. डॉक्टर मेट्रोनिडॅझोलचे जेल, आयव्हरमेक्टिनचे मलम किंवा डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात. (आयव्हरमेक्टिन म्हटले की गोठ्यातले इंजेक्शन आठवेल. जनावराचे औषध तोंडाला लावू नका, मलम वेगळे असते.)

प्रत्येक लाली रोझेशियाच असते असेही नाही. धुऱ्यावरचे गाजरगवत उपटल्यावर पापण्या, मान, कोपराची घडी खाजत असेल तर ती गवताची ॲलर्जी समजावी. हे गवत फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून काढावे. कोणती लाली कशाची, हे दुकानदार सांगू शकत नाही. त्यासाठी भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, नागपूरला मेडिकलमध्ये त्वचारोग विभाग आहे. एक दिवसाची मजुरी बुडेल, हे मला कळते. पण दोन वर्षांच्या ट्यूबांचा हिशेब मांडून पाहा.

2018 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून स्टेरॉइडची चौदा मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पण नियम गावात पोचला कुठे? कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण आपण ओळखतो, तशी ट्यूबवरची 'आरएक्स' ही खूण ओळखायला शिकले पाहिजे. सरपंच अन् ग्रामसेवकांना माझे सांगणे आहे की ग्रामसभेत हा विषय घ्या, आशाताईंना बोलू द्या, औषध दुकानदारालाही बोलवा. कृषी केंद्राची तपासणी होते तेव्हा आम्ही परवाना अन् पावतीबुक पाहतोच, मग औषधाच्या दुकानात चिठ्ठी मागायला संकोच कशाचा?

त्या वहिनी शेवटी नागपूरला जाऊन आल्या. ट्यूब मनाने एकदम सोडू नये, डॉक्टरच्या सल्ल्याने सोडावी. सोडल्यावरचे काही आठवडे चेहरा फार भडकला, पण त्यांनी धीर धरला. यंदा निंदणाला त्या दुपट्टा बांधून सकाळीच जातात, ऊन चढायच्या आत परततात. मला चहा कढतच देतात, स्वतःचा मात्र निववून पितात.