घरात चार पेशंट, ड्युटीवर एक

'काळजी घ्या' हे मराठीतलं सगळ्यात स्वस्त वाक्य आहे. डॉक्टर चिठ्ठीवर सही करताना म्हणतात, पाहुणे चपला घालताना म्हणतात, मॅनेजर कॉल कट करायच्या आधी म्हणतो. काळजी कुणी घ्यायची, कोणत्या वेळात, कुणाच्या पैशाने, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. ती रिकामी जागा आपण न बोलता भरून टाकतो. आमच्या घरात तिथे आईचं नाव आहे. तुमच्याही घरात बहुतेक तेच असेल.

माझं म्हणणं सरळ आहे. दीर्घ आजार सांभाळणं हे काम आहे. त्याला माया, संस्कार, नशीब असली नावं देऊन आपण ते फुकटात करून घेतो. आणि ज्या बाईकडून करून घेतो, ती बऱ्याचदा स्वतःच पेशंट असते.

आमचं घर लासलगावचं. थोडी शेती, कांदा, एक चाळ. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरी आजी आहे, तिला बीपी आणि हृदयाच्या गोळ्या. वडिलांना अठरा वर्षांपासून मधुमेह, आता किडनीचे आकडेही वर सरकायला लागलेत. धाकट्या भावाला अपस्मार, म्हणजे फिट्स. आणि आईला संधिवात, शिवाय थायरॉइड. ऐकणाऱ्याला वाटतं, काय हे एकाच घराच्या नशिबी! पण 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी 35 टक्क्यांहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब. एका छताखाली तीन-चार आजार असणं ही आता बातमी राहिलेली नाही.

आता काम काय आहे ते बघा. आईची थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, त्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही. वडिलांचं इन्सुलिन जेवणाच्या आधी. टोचून घेतलं आणि मार्केटमधून फोन आला म्हणून जेवण लांबलं, तर साखर खाली जाणार. भावाची गोळी ठरलेल्या वेळी, एकही चुकवायची नाही. त्याला जागरण चालत नाही, आणि कांदा भरायचा तर बऱ्याचदा रात्रीच. आईची संधिवाताची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तीच चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. आईची पेनकिलर वडिलांना चालत नाही, किडनीला घातक. आजीच्या बीपीसाठी कुणी कौतुकाने लो-सोडियम मीठ सुचवतं. त्यात पोटॅशियम असतं, आणि किडनी अधू झालेल्या माणसाला तेच नको असतं. शहाळ्याचंही तसंच. भेटायला येणारे हमखास दोन शहाळी घेऊन येतात, ती वडिलांच्या हाती लागू नयेत हेही आईनेच बघायचं. एप्रिलमध्ये वीज गेली आणि फ्रिज तापायला लागला की इन्सुलिन डब्यात घालून गार मडक्यात ठेवायचं, हेही तिलाच माहीत.

ही सगळी माहिती कुठे लिहिलेली नव्हती. चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चार फायली. प्रत्येक डॉक्टर आपापला पेशंट बघतो. चारही पेशंट एकाच स्वयंपाकघरात जेवतात हे फक्त आईला ठाऊक. डॉक्टरांची चार पथ्यं एकमेकांत अडकणार नाहीत असा स्वयंपाक रोज दोनदा करणं, याला आपण 'आई बघते' म्हणतो.

माझ्या क्षेत्रात अशा कामाला ऑन-कॉल म्हणतात. सर्व्हर रात्री पडला तर कुणीतरी उठायचं. त्यासाठी पाळ्या असतात, भत्ता असतो, दुसऱ्याला हातात देता येईल अशी लिखित टिपणं असतात. एकच माणूस वर्षानुवर्षं ऑन-कॉल असेल आणि सगळी माहिती त्याच्याच डोक्यात असेल, तर कुठलीही बरी टीम त्याला धोका म्हणेल. घरात आपण त्यालाच आईचं प्रेम म्हणतो आणि मदर्स डेला स्टेटस ठेवतो.

हे बोललं की तीन उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं: 'कार्ड काढलंय ना?' काढलंय. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना या मोठ्या योजना आहेत, त्यांनी लोकांचे जीव वाचवलेत. पण त्यांची रचना अॅडमिट होण्याभोवती आहे. आयुष्मानमध्ये दवाखान्यातून सुटल्यावर 15 दिवसांपर्यंतची औषधं धरलेली आहेत. सोळाव्या दिवसाचं काय? मधुमेह सोळाव्या दिवशी थांबत नाही. राज्यात 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या मिळतातही. पण संधिवाताचं, अपस्माराचं, किडनीचं बघायचं तर आम्हाला विंचूर, निफाड करत नाशिक गाठावं लागतं. साठेक किलोमीटर जायचे, तितकेच यायचे. चार पेशंट, चार वेगळे वार. प्रत्येक खेपेला गाडीभाडं, एका माणसाचा दिवस, आणि मेडिकलचं बिल खिशातून. माणूस कोसळला की योजना धावून येते. तो कोसळू नये म्हणून जो रोजचा खर्च आणि रोजची मेहनत लागते, ती मात्र घराची खाजगी बाब.

हा खर्च लासलगावात कसा बसतो ते सांगतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत जातो, भाव बघून दिवाळीपर्यंत विकला जातो. म्हणजे पैसा खेपेने येतो आणि गोळी रोज लागते. 8 डिसेंबर 2023 ला कांद्यावर निर्यातबंदी आली, लिलाव बंद पडले, भाव कोसळले. बंदी उठायला मे 2024 उजाडला. टीव्हीवर तेव्हा कांद्याच्या माळा घातलेले आंदोलक दिसले. मेडिकलच्या काउंटरवरची बातमी कुणी दाखवली नाही: 'पूर्ण पाकीट नको, पाचच कापून द्या.' वडिलांची किडनीची तपासणी त्या हिवाळ्यात पुढे गेली. त्यांचं वाक्य ठरलेलं, 'भाव आला की बघू.' आजाराला कांद्याचा भाव कळत नाही. कर्जमाफी, अनुदान, पीकविमा यांवर आपण तासन्‌तास भांडतो, पण भाव पडला की घरात पहिली कुणाची गोळी बंद होते, हे विचारत नाही. आमच्याकडे आईची झाली. कुणी सांगितलं नव्हतं, तिनेच ठरवलं.

दुसरं उत्तर माझ्याच वयाच्या मित्रांचं: 'अरे, अॅप बनव की.' रिमाइंडरचं अॅप मी दोन दिवसांत लिहीन. मोबाइल वाजेल. मग उठणार कोण? गोळी संपली असेल तर आणणार कोण? आजी 'कडू लागते' म्हणून गोळी उशीखाली सरकवते, ती शोधणार कोण? अॅपने काम कमी होत नाही, काम करणाऱ्या बाईच्या मागे आणखी एक मुकादम लागतो.

तिसरं उत्तर सगळ्यात गोड आणि सगळ्यात वाईट: 'आईचं पुण्य आहे, तिच्यामुळे घर उभं आहे.' हे म्हणणारा माणूस कौतुक करून मोकळा होतो. 2019 च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. पुण्य वाटायची वेळ आली की पुरुष एवढे उदार होतात, मिनिटं वाटताना कुठे जातात? आणि संधिवाताने सकाळी ज्या बाईची बोटं वळत नाहीत, तिने चौघांची गोळ्यांची पाकिटं फोडायची, यात पुण्य कसलं?

कायदाही याच वळणाचा आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा मुलांवर सांभाळण्याची जबाबदारी टाकतो. योग्यच आहे. पण त्यासाठी लागणारा वेळ कुठून आणायचा? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत, आई-वडिलांच्या आजारपणासाठी वेगळी रजा नाही. चार पेशंटांना नाशिकला वर्षातून तीन-तीनदा न्यायचं म्हटलं तरी 12 दिवस होतात. जपानमध्ये देखभालीची गरज असलेल्या प्रत्येक कुटुंबीयामागे एकूण 93 दिवसांची रजा कायद्याने आहे, आणि 2000 पासून वृद्धांच्या देखभालीचा सक्तीचा विमाही. जपान श्रीमंत आहे, कबूल. पण आठवर आणखी चार दिवस वाढवायला जपान व्हावं लागत नाही.

म्हणून मागण्या चारच. रोजची औषधं आणि तपासण्या योजनांमध्ये आणा, अॅडमिट होण्याची अट नको. औषधं महिन्याची एकदम आणि घराजवळ द्या. 2017 साली महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांसह सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमाचं सूत्रच हे होतं, शिवाय जो पेशंट आला नाही त्याचा पाठपुरावा. म्हणजे हे आपल्याला जमतं. नोकरदारांना देखभालीची स्वतंत्र पगारी रजा द्या. आणि चौथी मागणी सरकारकडे नाही, घरातल्या पुरुषांकडे आहे: पाळी लावा.

आमच्याकडे लावली आहे. चौघांच्या गोळ्या, वेळा, काय कशासोबत चालत नाही, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय. आठवड्याचे डबे रविवारी भाऊ भरतो. इन्सुलिन आणि साखरेची नोंद वडील स्वतः करतात, कुरकुरत का होईना. महिन्यातला एक आठवडा मी लासलगावातून काम करतो, नाशिकच्या खेपा त्यातच बसवतो. आईला यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. म्हणाली, 'अरे, माझीही गोळी डब्यात ठेवलीय त्याने!'

हे वाचून झालं की तुम्ही घरी फोन कराल. 'जेवलीस का?' विचाराल, ती 'हो' म्हणेल, बोलणं संपेल. आज पुढचं विचारा. तुझ्या गोळ्या कोणत्या? किती दिवसांच्या उरल्यात? तुझी शेवटची तपासणी कधी झाली? आणि ती दोन दिवस आजारी पडली, तर घरातल्या बाकीच्यांची औषधं कोण देणार? शेवटच्या प्रश्नावर पलीकडे शांतता झाली, तर कागद-पेन घेऊन बसा. 'काळजी घे' म्हणू नका. यादी लिहून घ्या.