श्राव्य पुस्तके आणि अडखळते वाचन

तिसरीतील मुलास दुसरीचा पाठ वाचता येऊ नये, ही जिंतूरसारख्या तालुक्यातच नव्हे, तर देशभरच्या ग्रामीण शाळांतील व्यथा आहे. ‘असर’च्या पाहणीनुसार असा पाठ वाचू शकणाऱ्या सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. ते २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर आले. सुधारणा झाली खरी. तथापि तीन-चतुर्थांशांहून अधिक मुले अद्याप मागेच राहिली, हे विसरून चालणार नाही.

गॉफ व टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाची फोड केली, ती येथे उपयोगी पडते. अक्षरे उलगडणे आणि ऐकलेली भाषा समजणे यांचा गुणाकार म्हणजे वाचन. एक शून्य असेल तर फलही शून्य. तांड्यावरील मुलाच्या घरी गोरमाटी बोलली जाते. पुस्तकी मराठी त्याच्या कानी पडते ती शाळेतच. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्यावर तीही तुटते. वाचता येत नाही म्हणून शब्दसंग्रह वाढत नाही, आणि शब्द ठाऊक नाहीत म्हणून वाचन अडते. हे दुष्टचक्र श्राव्य पुस्तक तोडू शकते.

ऐकण्याने मुले आळशी होतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश एवढाच की, नुसते ऐकून काना-मात्रा व जोडाक्षरे येत नाहीत. म्हणूनच पुस्तक समोर हवे, ओळीवर बोट हवे आणि ऐकलेला उतारा मुलाने स्वतः मोठ्याने वाचावयास हवा. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेली अध्ययन अक्षमता ज्यांना आहे, त्यांच्यासाठी श्रवण ही सवलत नसून ज्ञानाचे द्वारच आहे.

साधनांची उणीव नाही. ‘दीक्षा’ हा सरकारी मंच २०१७ पासून आहे. अडचण आहे ती वेगळी: घरातला एकुलता मोबाईल बापाच्या खिशात असतो. यास्तव भार कुटुंबावर न टाकता शाळेनेच ध्वनिवर्धक व ध्वनिमुद्रित पाठ ठेवावेत. शिक्षकांनी स्वतःच्या आवाजात मुद्रित केलेला पाठही पुरेसा आहे. एका गुरुजींकडे दोन वर्ग असतील तेथे एक वर्ग ऐकत असता दुसरा शिकू शकेल. परभणी आकाशवाणीनेही यासाठी ठराविक वेळ राखून ठेवणे अशक्य नाही.

सुखवस्तू घरातील मुलास पुस्तकाची भाषा न मागता ऐकावयास मिळते. तांड्यावरच्या मुलास ती शाळेने दिली नाही, तर अन्य कोणीही देणार नाही.