काचकागद जरा खाली ठेवा!

दिवाळी आली, की सुलतानपूरसारख्या गावात जुनी दारे, पाळणे नव्याने रंगवण्याची लगबग सुरू होते. “काचकागद घे आणि घास!” हे फर्मान बहुधा तुम्हां मुलांनाच सुटते. माझा त्याला विरोध आहे.

जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची हमी कोण देणार? कोरडे घासले, की धूळ श्वासात आणि रांगत्या भावंडाच्या तोंडात जाते. शिसे मेंदूच्या वाढीला घातक आहे.

मग करावे काय? रंग घट्ट असेल, तर खरवडूच नये. वरून नवा हात द्यावा. सुटत असेल, तर मोठ्यांनी हातमोजे घालून, भिजवूनच खरवडावा. सुलतानपूरजवळच्या लोणार सरोवरात सोड्याचे क्षार आहेत. तसाच धुण्याचा सोडा रंगातल्या तेलाचा साबण करून थर सैल करतो. कॉस्टिक सोडा मात्र कातडी जाळतो. चपड्याचे पॉलिश स्पिरिटात विरघळते; पण जवळ विस्तव नको!

आणि लाकडात मुरलेली थोडी छटा राहिलीच, तर राहू द्या. दारापेक्षा धाकटी बहीण मोलाची, नाही का?