बिग म्हणजे केवढा?

आपल्या कॉलेजात इंग्रजीतला छोटा शब्द वापरायची मुलांना लाज वाटते, असे माझे मत आहे. ते कुठल्या पुस्तकातून आलेले नाही, माझ्यावर ओढवलेल्या प्रसंगातून आले आहे.

पहिल्या वर्षाला असताना इंग्रजीच्या तासाला प्रत्येकाने उभे राहून आपल्या घराविषयी पाच वाक्ये बोलायची होती. मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. वाक्ये बसमध्येच पाठ केली होती. मनात आधी 'माय बिग ब्रदर' असेच आले. पण 'बिग' हा पोराटोरांचा शब्द, कॉलेजात 'लार्ज' म्हणावे, वजन पडते, असे कुणीतरी कानात भरवले होते. मी वजन पाडले. 'माय लार्ज ब्रदर वर्क्स इन अ फौंड्री' म्हणालो आणि पुढच्या दोन बाकांवर हसू फुटले. उरलेली तीन वाक्ये तशीच राहिली. पुढे वर्षभर त्या तासाला मी आपण होऊन तोंड उघडले नाही.

'लार्ज ब्रदर' म्हणजे अंगाने आडवा, धिप्पाड भाऊ. आमचा दादा उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करतो आणि काठीसारखा आहे. घरी सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अरे, मला मीडियम शर्टसुद्धा ढगळ होतो!"

दादाच्या या बोलण्यातच सगळे व्याकरण आहे. खडेबाजारात रेडिमेड शर्ट घ्यायला गेलो तर कॉलरवर 'एल' असतो. तो 'लार्ज'चा. 'बी' लावून कुणी शर्ट विकत नाही. 'लार्ज' हे माप आहे, टेप लावून ठरवायचे. 'बिग' मात्र घालणाऱ्याच्या तोंडून येतो. दादाला 'मीडियम' शर्टही 'बिग' होतो आणि त्यात इंग्रजीला काही चुकल्यासारखे वाटत नाही. 'एल्डर' म्हटले असते तर कुणी हसले नसते, हे मला आता कळते. पण घरातली इंग्रज मुले थोरल्या भावाला 'बिग ब्रदर'च म्हणतात. जॉर्ज ऑर्वेलने १९४९ साली आलेल्या आपल्या कादंबरीत हुकूमशहाला हेच घरगुती नाव दिले, म्हणून ते अंगावर येते. त्याने 'लार्ज ब्रदर' लिहिले असते तर भिंतीभिंतीवर एखादा पहिलवान दिसला असता!

'लार्ज' इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून. त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मुबलक, सढळ हाताचा असा होता. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांचे राज्य होते आणि तिथून आलेल्या शब्दांना कचेरीचा वास लागला तो अजून गेलेला नाही. उद्योग 'लार्ज स्केल', संख्या 'लार्ज'. 'बिग' कुठून आला हे कोशकारांनाही नक्की सांगता येत नाही. सुमारे १३०० च्या सुमारास तो उत्तर इंग्लंडच्या लिखाणात दिसू लागतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ बळकट, दणकट असा होता. आकार नंतर आला. म्हणजे हाही आमच्यासारखाच खेड्यातून आलेला.

आणि त्याने केवढी मजल मारली! जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांना विश्वाच्या उत्पत्तीचा एक सिद्धांत मान्य नव्हता. १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर बोलताना, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहावे म्हणून त्यांनी त्याला 'बिग बँग' म्हटले. आपण त्याचे 'महास्फोट' केले, सोवळे नेसवले. इंग्रजीत मात्र जगातली सगळ्यात प्रचंड घटना तीन अक्षरी पोरकट शब्दावर उभी आहे.

गंमत अशी की हा शब्द आपल्याला खरे तर सगळ्यात जवळचा. माझ्या बाकावर बसणारा बैलहोंगलचा मित्र थोरल्या भावाला दोड्डण्णा म्हणतो, चुलत्याला दोड्डप्पा. आपली 'मोठी माणसे', त्यांचे 'दोड्डवरु'. वय, आकार, मान, सगळे एकाच शब्दात. 'बिग'चेही तसेच. टोमणासुद्धा सारखा: आपण 'मोठा आलास शहाणा' म्हणतो, इंग्रज तिरकसपणे 'दॅट्स बिग ऑफ यू' म्हणतो. मराठी आणि कन्नड घरांतली मुले ज्या शब्दापाशी सहज पोचतात, तोच आम्ही त्यांच्याकडून काढून घेतो आणि हातात गाईडातला जड शब्द देतो.

सगळीकडे 'मोठा'ला 'बिग' चालत नाही, हे कबूल. आपल्याकडचा जुलैतला मोठा पाऊस 'हेवी' असतो, मोठा आवाज 'लाउड'. मी दोन्ही चुकलो आहे. पण या चुका सुधारणे सोपे, कारण बोलणारा बोललेला असतो.

काही प्राध्यापक म्हणतील, पदवीच्या वर्गात बालवाडीचे इंग्रजी चालवायचे काय? उत्तरपत्रिकेत नको. अर्थशास्त्राच्या पेपरात 'लार्ज स्केल' लिहायचे तिथे तेच लिहू. मला हवा आहे तो आठवड्यातला एक तास, पहिल्या वर्षासाठी, जिथे येतील तेवढ्याच छोट्या शब्दांत बोलायचे, आणि चुकलेल्याचे वाक्य पुरे होईपर्यंत कुणी हसायचे नाही. यंदा मी तिसऱ्या वर्षाला आहे. असा तास सुरू झाला तर मागच्या बाकावर येऊन बसेन. माझी तीन वाक्ये अजून बाकी आहेत.