फळमाशीचा अपवाद

तारनाक्याहून हबशीगुड्याकडे जाताना पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे आवार लागते. 1977 साली याच परिसरातील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत त्याचा प्रारंभ झाला. तेथील विद्वान मंडळी केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या क्षुद्र फळमाशीचाही अभ्यास करतात हे ऐकून पुष्कळांस हसू येते. आम्हांस मात्र त्या माशीचे ऋण मान्य करणे प्राप्त आहे.

गुणसूत्र तुटले तर त्याची तुटकी टोके एकमेकांस चिकटू पाहतात. मूळची टोके मात्र तसे करीत नाहीत. क्ष-किरणांचा मारा केलेल्या फळमाश्यांवरून हे ध्यानी घेऊन हर्मन मुलर यांनी 1938 साली त्या टोकांस ‘टेलोमिअर’ हे नाव दिले. पेशी विभागताना हे टोक दर वेळी किंचित झिजते. टेलोमरेज नावाचे विकर तेथे ठरावीक अक्षरे पुनःपुन्हा जोडून ती झीज भरून काढते. या शोधास 2009 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात ही अक्षरे सहा, मधमाशीत पाच. आपल्या पिठाच्या डब्यात होणाऱ्या तांबड्या किड्यातही पाचच, पण त्यांतले एक निराळे.

येथवर शिकवून झाले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, सगळ्या प्राण्यांत म्हणजे माशीतसुद्धा का?” आम्ही “अर्थात!” म्हणून पुढचा धडा घेतला.

वस्तुतः ज्या माशीवरून हे नाव पडले, तिच्याजवळ ते विकर मुळी नाहीच! एरवी गुणसूत्रांत जागा बळकावणारे जे उपरे, फिरते जनुकीय अंश, तेच तिच्या टोकांवर आपल्या प्रती चिकटवीत राहतात आणि झीज भरून निघते. चोरांनीच घराची राखण करावी, तसा हा प्रकार! रेशमाच्या किड्यात (ज्याच्या कोशावर आपल्या घरच्या पैठण्या विणल्या जातात) पाच अक्षरांची माळ आहे, आणि तिच्यात शिरून बसलेले असे अंशही आहेत.

“हा अपवाद आहे, परीक्षेस येत नाही,” असे म्हणून पान उलटण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आम्हांस पसंत नाही. नियम पाठ होतो तो उत्तरपत्रिकेपुरता. अपवादापाशी थांबलेला विद्यार्थी मात्र शास्त्राच्या दाराशी उभा असतो. ‘सर्व’ हा शब्द पाठ्यपुस्तकांनी व आम्हां शिक्षकांनी जरा जपून वापरावा.

त्या विद्यार्थिनीस आम्ही दिलेले उत्तर चुकीचे होते. ती आता शाळा सोडून गेली आहे. हा अंक तिच्या घरी पोहोचावा अशी इच्छा आहे.