“पासपोर्टचं हे बघतात”



हे वाक्य मला आता ऐकवत नाही. यांच्या नोकरीमुळे आम्ही बँकॉकला राहत होतो तेव्हा मीही तेच म्हणायचे. आणि म्हणे बी.कॉम.! माहेरी आई आजारी पडली, तशीच विमानात बसले. री-एन्ट्री परमिट काढलंच नव्हतं. थायलंडमधून ते न काढता बाहेर पडलं की १९०० बाट भरून घेतलेली मुदतवाढ तिथेच संपते. परमिट एका खेपेचं १००० बाटला, कितीही खेपांचं ३८०० ला, विमानतळावरही मिळतं. मी आईच्या उशाशी बसून व्हिसाचे कागद पहिल्यापासून गोळा केले.

अष्टमी-चतुर्दशी आपल्याला कॅलेंडर न बघता पाठ. पर्युषणाचं तिकीट चार महिने आधी. मग दर नव्वद दिवसांनी करायची पत्त्याची नोंद तेवढी यांच्या डोक्यावर का? आपला मुक्काम नवऱ्याच्या मुदतीला बांधलेला. त्यांची नोकरी गेली की आपलाही गेला. म्हणून तर दोघांचेही शिक्के आपण वाचायला हवेत. “तुला नाही कळणार” असं हे कधीच म्हणाले नाहीत हो. “मला नाही कळत” हे मीच म्हणत होते, तेही वीस वर्षं घरखर्चाचा हिशेब पैशापैशाने लिहून.